अ‍ॅनिमेतल्या गुप्तहेराचं मन कसं वाचावं: ‘डेथ नोट’मधल्या एलच्या निमित्ताने

‘डेथ नोट’ या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिकेतला गुप्तहेर एल खुर्चीवर पाय वर घेऊन उकिडवा बसतो, फोन दोन बोटांच्या चिमटीत धरतो, केक आणि साखरेच्या चौकोनी तुकड्यांवर जगतो. त्याच्याविषयीच्या गप्पा इथेच सुरू होतात आणि बऱ्याचदा इथेच संपतात. पण या लकबी म्हणजे पात्राची ओळख पटवणारं रेखाटन आहे. मन वाचायचं असेल तर त्याची तपासाची पद्धत पाहावी लागते. तो काय पणाला लावतो, कोणाला पणाला लावतो आणि आपला तर्क कोसळतोय असं दिसलं की कसा वागतो? ही रीत कुठल्याही गुन्हेकथेतल्या गुप्तहेराला लावता येते, पण एलवर ती शिकणं सोपं जातं, कारण त्याच्या भूतकाळाबद्दल कथा फारसं काही सांगतच नाही. जे आहे ते त्याच्या कृतीत आहे.

‘मॅडहाउस’ स्टुडिओची ही ३७ भागांची मालिका २००६-०७ मध्ये जपानी टीव्हीवर आली. दिग्दर्शक तेत्सुरो अराकी. जिच्यात नाव लिहिलं की तो माणूस मरतो अशी ‘डेथ नोट’ ही वही लाईट यागामी या विद्यार्थ्याच्या हाती लागते. ती वापरून तो गुन्हेगारांना मारू लागतो, लोक या अज्ञात खुन्याला ‘किरा’ म्हणतात, आणि एल त्याच्या मागावर निघतो. पुढे २५ व्या भागापर्यंतचं कथानक उघड होणार आहे, त्यामुळे मालिका पाहिली नसेल तर आधी ती पाहा.

दुसऱ्यांदा पाहताना वही घ्या

पहिल्यांदा पाहताना आपण ‘पुढे काय’च्या ओढीत असतो, तेव्हा काही टिपू नका. दुसऱ्या वेळी वहीच्या पानावर तीन रकाने आखा: तो स्वतःबद्दल काय म्हणतो, इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात आणि तो प्रत्यक्षात काय करतो. एल म्हणतो की किरा पोरकट आहे, त्याला हार सहन होत नाही, आणि हे मला कळतं कारण मीही तसाच आहे. इंटरपोलच्या बैठकीत इतर म्हणतात की त्याला रस वाटेल तेच प्रकरण तो हाती घेतो. तिसरा रकाना भरायला वेळ लागतो, आणि खरं काम तिथेच आहे.

पहिला डाव बारकाईने पाहा

लेखक गुप्तहेराचा स्वभाव बहुतेक वेळा त्याच्या पहिल्याच मोठ्या चालीत पेरून ठेवतात. दुसरा भाग लावा. टीव्हीवर लिंड एल. टेलर नावाचा माणूस ‘मीच एल’ असं जाहीर करतो आणि किराला दुष्ट म्हणतो. संतापलेला लाईट डेथ नोटमध्ये त्याचं नाव लिहितो आणि टेलर कॅमेऱ्यासमोर मरतो. मग खऱ्या एलचा आवाज येतो: मेलेला माणूस मृत्युदंडाचा कैदी होता आणि त्याच दिवशी त्याला फाशी व्हायची होती. शिवाय जगभर दाखवलं जातंय असं भासवलेलं हे प्रक्षेपण फक्त जपानच्या कांतो भागात चालू होतं.

एका चालीत एलच्या हाती किती काय लागतं! किरा खरोखर आहे, तो दूर बसून मारू शकतो, तो कांतोत राहतो, आणि ज्याचं नाव व चेहरा माहीत नाही अशा एलला तो मारू शकत नाही. इथे बुद्धीचं कौतुक करून पुढे जाण्याचा मोह होतो. तो आवरा आणि तिसऱ्या रकान्यात लिहा: ‘एका जिवंत माणसाला आमिष म्हणून वापरलं, आणि तो कायद्याने मरणारच होता म्हणून ते चालतं असं धरलं.’ आता ही नोंद २५ व्या भागाशी जोडा. डेथ नोटमध्ये एक नियम लिहिलेला आहे: एक नाव लिहिल्यावर तेरा दिवसांत पुढचं लिहिलं नाही तर लिहिणारा मरतो. त्याची खात्री करायला एल पुन्हा मृत्युदंडाच्या कैद्यांवरच डेथ नोट चालवून पाहायची तयारी करतो. सुरुवात आणि शेवट एकाच हिशोबाचे आहेत. गुन्हेगारांना मारून जग सुधारायला निघालेल्या किराच्या हिशोबापासून हा हिशोब किती दूर आहे, हा प्रश्न मालिका कधी मोठ्याने विचारत नाही. तो आपणच विचारायचा.

त्याच्या बोलण्याला कबुली समजू नका

विद्यापीठाच्या प्रवेश समारंभात एल लाईटला सरळ सांगतो, ‘मी एल आहे.’ हा प्रामाणिकपणा नाही. त्यानंतर एलला काही झालं तर संशयाची सुई थेट लाईटकडे वळणार. लाईटवरचा संशय तो टक्क्यांत बोलून दाखवतो, तेही समोरच्याचा चेहरा वाचण्यासाठी. म्हणून ‘लाईट माझा पहिला मित्र आहे’ हे त्याचं वाक्य आलं की लगेच हळवं व्हायचं नाही आणि ते खोटं म्हणून झटकायचंही नाही. त्यापुढे प्रश्नचिन्ह काढा. असं प्रश्नचिन्ह शेवटपर्यंत राहिलं तरी हरकत नाही.

तर्क हरतो तिथे थांबा

माझ्या मते एलला समजून घ्यायला १७ वा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. लाईट कोठडीत असतानाही गुन्हेगार मरू लागले आहेत, आपण किरा होतो ही लाईटची स्मृतीच गेलेली आहे, पुरावा त्याच्या बाजूने आहे. एक निरपराध मुलगा सुटला म्हणून एलला बरं वाटायला हवं. पण तो खचतो, त्याचा कामातला उत्साहच जातो, कारण लाईट हाच किरा निघावा अशी त्याची इच्छा होती. लाईट चिडून ठोसा मारतो, एल लाथेने उत्तर देतो, आणि दोघांच्या हातात एकच बेडी! सत्य शोधणं आणि आपण बरोबर ठरणं या दोन भुका त्याच्यात किती एकजीव झाल्या आहेत, ते इथे दिसतं. कथेत त्याचा संशय खराच असल्यामुळे एरवी ही मिसळ लक्षातच येत नाही.

तुलनेसाठी ‘मॉन्स्टर’ या दुसऱ्या अ‍ॅनिमेमधला जर्मन पोलीस निरीक्षक लुंगे पाहा. तो हवेत बोटं चालवून, टंकलेखन केल्यासारखी माहिती डोक्यात साठवतो. डॉक्टर तेन्माच खुनी आहे आणि योहान नावाचा माणूस अस्तित्वातच नाही, या तर्काला तो वर्षानुवर्षं चिकटून राहतो, आणि दरम्यान त्याचं घर मोडतं. हट्ट एलसारखाच आहे, फक्त लुंगेचा तर्क चुकीचा आहे. त्यामुळे तोच गुण तिथे दोष म्हणून दिसतो.

मांगा आणि अ‍ॅनिमे वेगळे ठेवा

२५ व्या भागात, मरण्याच्या थोडं आधी, पावसात गच्चीवर एल घंटानाद ऐकत उभा असतो, लाईटला विचारतो की जन्मापासून एकदा तरी खरं बोललास का, आणि मग पायऱ्यांवर बसून त्याचे पाय पुसतो. हा प्रसंग मूळ मांगात (जपानी चित्रकथेत) नाही, तो अ‍ॅनिमेत घातलेला आहे. त्यामुळे ‘एलला आपला मृत्यू दिसत होता’ हे विधान अ‍ॅनिमेतल्या एलबद्दल करता येतं. तेच मांगातल्या एलबद्दल करायचं तर वेगळा आधार शोधावा लागेल.

मानसिक विकारांची नावं चिकटवण्याचं मात्र टाळाच. कोणी ऑटिझम म्हणतं, कोणी आणखी काही. काल्पनिक पात्राचं निदान करता येत नाही, आणि एकदा नाव दिलं की आपलं पाहणं थांबतं. शिवाय खऱ्या आयुष्यात त्या अवस्थेसह जगणाऱ्यांवर तो अन्याय होतो.

शेवटी स्वतःच्या मताविरुद्ध पुरावा शोधा

दोन वाक्यांत तुमचं म्हणणं लिहा आणि त्याला छेद देणारा प्रसंग मुद्दाम हुडका. माझं म्हणणं असं की एलला माणसांपेक्षा कोडं प्रिय आहे. याला छेद देतो तो साकुरा टीव्ही या वाहिनीचा प्रसंग. उकिता हा तपासातला सहकारी वाहिनीच्या दाराशी मरून पडतो, आइझावा हा दुसरा सहकारी तिकडे धावायला निघतो आणि एल त्याला थंड आवाजात अडवतो. पण गुडघे घट्ट धरलेले त्याचे हात थरथरत असतात. इथे तो कोणासमोर काही सिद्ध करत नाहीये, कोणाला फसवतही नाहीये. त्यामुळे ‘प्रिय’ या शब्दाच्या जागी मी आता ‘सोपं’ लिहिलंय: माणसांपेक्षा कोडं त्याला सोपं जातं. तुमच्या वहीत हा प्रसंग कोणत्या रकान्यात बसतो, ते पाहा.