कॅलिफोर्नियात बांधकाम कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स कसं काढावं

अमेरिकेत कॉन्ट्रॅक्टरचे नियम राज्यागणिक बदलतात. ॲरिझोनात घरांचं लायसन्स वेगळं, व्यापारी इमारतींचं वेगळं. टेक्सासात जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्स लागतच नाही. कॅलिफोर्नियात मात्र सामान आणि मजुरी धरून १,००० डॉलर किंवा त्याहून मोठं काम लायसन्सशिवाय घेता येत नाही. (२०२४ अखेरपर्यंत ही मर्यादा ५०० डॉलर होती.) कामाला परमिट (बांधकामाची परवानगी) लागत असेल किंवा हाताखाली माणूस ठेवला असेल, तर छोट्या कामालाही सूट नाही. एकाच कामाची तुकड्या-तुकड्यांत बिलं करूनही सुटका होत नाही.

आधी वर्ग ठरवा. घर असो वा दुकान, अख्खी इमारत उभी करायची तर ‘बी’. जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांचं नूतनीकरणच करायचं असेल तर ‘बी-२’. पण त्या लायसन्सवर घराचा भार पेलणाऱ्या भागाला हात लावता येत नाही. नुसतं रंगकाम, फरशी किंवा प्लंबिंग करणाऱ्यासाठी ‘सी’मधले स्वतंत्र वर्ग आहेत.

आता अनुभव. अर्ज अडतो तो बहुतेक इथेच. गेल्या दहा वर्षांत किमान चार वर्षं कुशल कारागीर, फोरमन, सुपरवायझर किंवा कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम केलेलं हवं. शिकाऊ किंवा हेल्पर म्हणून घालवलेले दिवस यात धरत नाहीत. महाराष्ट्रातून सिव्हिल करून गेलेल्यांना संबंधित पदवीमुळे जास्तीत जास्त तीन वर्षांची सूट मिळू शकते, पण एक वर्ष तरी साइटवरचंच लागतं. हा अनुभव तुमचं काम स्वतः पाहिलेल्या माणसाने सहीनिशी प्रमाणित करायचा असतो. तिथे ‘सर्व प्रकारचं बांधकाम’ असं मोघम लिहू नका. ‘भिंतींचं आणि छताचं फ्रेमिंग (सांगाडा उभारणं) केलं, पायाचं काँक्रीट ओतलं, ड्रायवॉल (भिंतीच्या जिप्सम पाट्या) बसवली’ असं लिहा. ‘बी’साठी फ्रेमिंग किंवा सुतारकाम आणि त्याशिवाय किमान दोन वेगळी कामं दिसली पाहिजेत. माझं कळकळीचं सांगणं आहे: पगाराच्या स्लिपा, परमिटच्या प्रती आणि करारपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जा. पाच वर्षांनी जुना मालक फोन उचलेलच असं नाही.

अर्ज राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर लायसन्स बोर्डाकडे जातो. पुढे बोटांचे ठसे आणि दोन परीक्षा: एक कायदा आणि व्यवसायाची, दुसरी तुमच्या कामाची.

पास झाल्यावर २५,००० डॉलरचा बाँड. आकडा बघून घाबरू नका, एवढी रक्कम भरायची नसते. जामीन कंपनी हमी देते, तुम्ही तिला दरसाल हप्ता देता. पण ग्राहकाला भरपाई द्यावी लागली तर कंपनी ती तुमच्याकडूनच वसूल करते. कामगार असतील तर त्यांचा विमा सक्तीचा. छताचं काम करणाऱ्याला तर एकही कामगार नसताना तो घ्यावाच लागतो.

लायसन्स दोन वर्षं चालतं. त्याचा नंबर करारावर आणि जाहिरातीत छापायचा. घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली कमी असेल तेवढीच घेता येते. आणि लायसन्स नसताना काम केलंत, तर ते कितीही चोख झालं असलं तरी ग्राहकाने थकवलेले पैसे कोर्टात मागता येत नाहीत. दिलेले पैसेही तो परत मागू शकतो.