राष्ट्रीय धोरणाच्या मसुद्यावर उपयोगी पडेल अशी सूचना कशी लिहावी

सार्वजनिक आरोग्य, हवामान वित्त (म्हणजे हवामानबदलाला तोंड देण्यासाठीचा पैसा) आणि जैवतंत्रज्ञान या विषयांवरील धोरणांचे व नियमांचे मसुदे केंद्र सरकार वेळोवेळी प्रसिद्ध करते आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवते. सूचना पाठवणारे थोडे असतात आणि त्यांतील अनेकांचे म्हणणे ‘सरकारने आरोग्याकडे अधिक लक्ष द्यावे’ इतकेच असते. हे म्हणणे योग्य असले तरी मसुद्याच्या कोणत्याही कलमात ते बसवता येत नाही. जी सूचना कलमापर्यंत पोहोचते तिची दखल घेतली जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून सगळी मेहनत तेथेच करावी.

प्रथम समोरचा दस्तऐवज कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवावे. २०१७ चे राष्ट्रीय आरोग्य धोरण हे धोरण आहे. ते दिशा दाखवते, परंतु कायद्यासारखे बंधनकारक नाही. याउलट जनुकीय बदल केलेल्या पिकांना लागू असलेले १९८९ चे नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेले असल्यामुळे बंधनकारक आहेत. त्याचबरोबर मसुदा कोणत्या खात्याचा आहे हेही पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेले बायो-ई-३ धोरण, म्हणजे जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनाला चालना देणारे धोरण, जैवतंत्रज्ञान विभागाचे आहे, तर जनुकीय पिकांच्या पर्यावरणीय परवानगीचा विचार करणारी समिती पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. उत्तेजन देणारे खाते वेगळे आणि परवानगी तपासणारे वेगळे, हे ध्यानात न घेता लिहिलेले पत्र चुकीच्या टेबलावर पडून राहते.

त्यानंतर मुदत पाहावी. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नियमांच्या मसुद्यासाठी साधारणपणे साठ दिवस मिळतात, आणि कायदे करण्यापूर्वीच्या सल्लामसलतीबाबत केंद्राने २०१४ मध्ये ठरवलेल्या पद्धतीनुसार मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर असावा लागतो. निव्वळ धोरणाच्या मसुद्याची मुदत मात्र संबंधित खाते स्वतः ठरवते, त्यामुळे तारीख मूळ सूचनेतच वाचावी.

वाचताना सर्वाधिक वेळ पैशाच्या तरतुदीवर द्यावा, कारण धोरणाचा खरेपणा तेथेच कळतो. २०१७ च्या आरोग्य धोरणाने शासकीय आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. देशातील आरोग्यखर्चाचा सरकारी हिशेब असलेल्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये हा खर्च १.८४ टक्के होता. म्हणून नव्या मसुद्यात टक्केवारी दिसली की ती रक्कम केंद्र देणार की राज्ये, कोणत्या वर्षी, आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या कोणत्या नोंदीखाली), हे तीन प्रश्न विचारावेत. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने पहिल्या प्रश्नाला विशेष वजन आहे. अर्थसंकल्प पाहताना केवळ घोषित तरतुदीवर न थांबता सुधारित अंदाज आणि मागील वर्षांचा प्रत्यक्ष खर्च हे स्तंभही शेजारी ठेवून वाचावेत.

हवामान वित्ताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते: कोणत्या कामाला हवामानाचे काम म्हणायचे? सरकारने २०२२-२३ मध्ये सार्वभौम हरित रोख्यांतून, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांतून, १६,००० कोटी रुपये उभारले. मे २०२५ मध्ये आर्थिक व्यवहार विभागाने हवामान वित्ताच्या वर्गीकरणाच्या, म्हणजे कोणती कामे त्यात मोडतात हे ठरवणाऱ्या, चौकटीचा मसुदा सूचनांसाठी खुला केला; त्यात ऊर्जा, वाहतूक, इमारती, शेती व अन्न-जलसुरक्षा, तसेच पोलाद आणि सिमेंट यांवर भर होता. आरोग्याला तेथे स्वतंत्र क्षेत्राचे स्थान नव्हते. माझ्या मते सार्वजनिक आरोग्याची काळजी असणाऱ्यांनी अशाच जागा शोधल्या पाहिजेत, कारण यादीत नसलेल्या कामाकडे हवामानाच्या नावाने उभा राहिलेला पैसा सहसा वळत नाही.

अशी जागा सापडली की सूचना पुढीलप्रमाणे लिहावी. कलमाचा क्रमांक द्यावा, मूळ वाक्य जसेच्या तसे उतरवावे आणि त्याखाली आपले पर्यायी वाक्य पूर्ण लिहावे. उदाहरणार्थ: ‘उष्णतेच्या लाटेत व पुरात प्राथमिक आरोग्य केंद्रांचा वीजपुरवठा आणि लसींची शीतसाखळी अखंड ठेवण्यासाठी केलेला खर्च हवामान अनुकूलनाचा (बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा) खर्च मानला जाईल.’ त्यानंतर दोन-तीन वाक्यांत कारण द्यावे: बहुतेक लसी दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात, आणि वीज दीर्घकाळ गेल्यास साठा निकामी होऊ शकतो. पुराव्यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार माहिती किंवा हवामान विभागाच्या नोंदी वापरता येतात. आशा सेविका, परिचारिका किंवा शेतकरी म्हणून स्वतःचा अनुभव असेल तर तो ठिकाण व काळासह अवश्य लिहावा, मात्र रुग्णांची ओळख उघड करू नये. एका सूचनेत एकच मुद्दा ठेवावा. सात मुद्द्यांचे पत्र वाचणाऱ्याला कोणत्या कलमाशी जोडायचे ते कळत नाही.

जैवतंत्रज्ञानाच्या मसुद्यांत परवानगीनंतरची व्यवस्था आवर्जून शोधावी. चाचण्यांची माहिती जाहीर होणार का, नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, आणि राज्याची संमती कोणत्या टप्प्यावर घेतली जाणार? जुलै २०२४ मध्ये जनुकीय मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे निकाल भिन्न होते, तरीही जनुकीय पिकांबाबत राष्ट्रीय धोरण आखावे आणि त्यासाठी राज्ये, शेतकरी व तज्ज्ञांशी सल्लामसलत करावी यावर त्यांचे एकमत होते. तेव्हा या विषयावर शेतकरी गटांनी आपली टिपणे आधीच तयार ठेवणे शहाणपणाचे आहे.

सूचना मराठीत लिहिल्यास कलम क्रमांक स्पष्ट द्यावा आणि शक्य असल्यास हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे. २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्याचे भाषांतर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत (त्यांत मराठीही आहे) करावे, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. त्यामुळे मराठी मसुद्याची मागणी करण्यात संकोच बाळगू नये.

पाठवलेल्या पत्राची प्रत आणि पोच जपून ठेवावी. अंतिम धोरण प्रसिद्ध झाल्यावर दोन्ही मजकूर कलमागणिक ताडून पाहावेत. सूचनेचे काय झाले ते न समजल्यास माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा, आणि त्यात ‘का’ असे न विचारता आलेल्या सूचनांचा गोषवारा व त्यांवरील टिपण्यांच्या प्रती मागाव्यात. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. त्या काळात उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे असल्यास पुढील तीस दिवसांत त्याच खात्याच्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील दाखल करता येते.