फास्ट चार्जिंगचा ॲडॉप्टर घेताना नेमकं काय बघायचं

माझ्या बहिणीने नवीन फोन घेतला, बॉक्समध्ये फक्त केबल, ॲडॉप्टर नाही. फोन २५ वॅटपर्यंत चार्ज होतो असं लिहिलेलं, तर ती म्हणाली उगाच कमी कशाला घ्यायचा आणि सरळ ६५ वॅटचा घेऊन आली. लावला तर स्क्रीनवर नुसतं "फास्ट चार्जिंग", तिला हवं असलेलं "सुपर फास्ट" काही केल्या येईना. केबल बदलून झाली, फोन रिस्टार्ट करून झाला, दोन दिवस ती फोनच खराब निघाला म्हणून काळजीत होती. मग मी माझ्याकडचा जुना २५ वॅटचा छोटासा ॲडॉप्टर लावून बघितला आणि लगेच "सुपर फास्ट" आलं. ६५ वॅटवाल्याला जमलं नाही ते २५ वॅटवाल्याने केलं. कारण दोन्ही ॲडॉप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेलं होतं, माझ्यावर एक ओळ जास्त होती, तिच्यावर ती नव्हती. त्या ओळीकडे येतोच, पण आधी थोडं बेसिक.

२०२० च्या आयफोन १२ पासून ॲपलने बॉक्समधून ॲडॉप्टर काढला, २०२१ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस२१ ला तेच केलं, आणि नंतर बऱ्याच कंपन्या त्याच वाटेने गेल्या. म्हणजे ॲडॉप्टर निवडायचं काम आता आपल्याच गळ्यात आलंय. आणि बहुतेक जण बॉक्सवरचा मोठा वॅटचा आकडा बघून घेतात, तिथेच फसगत होते.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पियर, एवढंच. ५ व्होल्ट २ ॲम्पियर म्हणजे १० वॅट, ९ व्होल्ट २ ॲम्पियर म्हणजे १८ वॅट. आता २० वॅट घ्या, ते ५ व्होल्ट ४ ॲम्पियर असेही होतात आणि ९ व्होल्ट २.२२ ॲम्पियर असेही होतात, आकडा तोच पण द्यायची पद्धत एकदम वेगळी, आणि एका पद्धतीचा फोन दुसऱ्या पद्धतीच्या चार्जरवर त्या स्पीडने चालेलच असं नाही. त्यामुळे वॅट सारखे म्हणजे चार्जर सारखे असं समजू नका.

टाइप-सीची पिन लावली की फोन आणि ॲडॉप्टर आधी एकमेकांशी बोलतात. ॲडॉप्टर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो, मग सांगतो की माझ्याकडे हे हे पर्याय आहेत, फोन त्यातला एक मागतो, ॲडॉप्टर हो म्हणतो आणि मगच व्होल्टेज वाढतं. हे सगळं सेकंदाच्या आत होतं. "जास्त वॅटचा लावला तर फोन जळेल का" हे मला कायम विचारलं जातं, तर नाही जळत. फोनला हवं तेवढंच तो मागतो, १०० वॅटचा लॅपटॉप चार्जर लावला तरी फोन त्याच्या गरजेपुरतंच घेणार, फक्त चार्जर नीट बनवलेला हवा. उलट प्रॉब्लेम असा होतो की दोघांची भाषा जुळत नाही आणि मग दोघंही ५ व्होल्टवर येऊन थांबतात, म्हणजे फार तर १०-१५ वॅट, आणि आपण म्हणतो एवढा महागाचा चार्जर घेऊन स्लो का चाललंय.

आता या भाषा कुठल्या ते बघू, इथे जरा वेळ द्या कारण खरा निर्णय इथेच होतो.

सगळ्यात कॉमन भाषा म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, सगळे पीडी म्हणतात. यात ५, ९, १५ आणि २० व्होल्ट अशा ठरलेल्या पायऱ्या असतात. आधी १०० वॅटपर्यंत जायचं, २०२१ च्या ३.१ व्हर्जनमध्ये २४० वॅटपर्यंत गेलं, पण ते लॅपटॉपसाठी, फोनवाल्यांनी त्याच्या नादाला लागायची गरज नाही. युरोपियन युनियनमध्ये २८ डिसेंबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या फोनला टाइप-सी सक्तीचं झालंय आणि फास्ट चार्जिंग असेल तर पीडीही चालायलाच हवं, म्हणून नवीन फोन पीडी ओळखत नाही असं आता कमी होत जाणार.

पीडीचाच एक भाग आहे पीपीएस (प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय), आणि बहिणीचं घोडं इथेच अडलं होतं. साध्या पीडीत ठरलेल्या पायऱ्या असतात, पीपीएसमध्ये फोन अगदी ०.०२ व्होल्टच्या फरकाने व्होल्टेज कमी-जास्त मागू शकतो. याने काय फरक पडतो? बॅटरीचा सेल साधारण ३.५ ते ४.४ व्होल्टच्या मध्ये असतो. ॲडॉप्टरकडून ९ व्होल्ट आले की फोनला ते आतमध्ये खाली आणावे लागतात, त्यात जे वाया जातं त्याची उष्णता होते आणि ती होते फोनच्या पोटात, बॅटरीच्या शेजारी. पीपीएस असेल तर फोन बॅटरीच्या त्या क्षणाच्या व्होल्टेजच्या दुपटीच्या आसपास मागतो, आतलं सर्किट ते फक्त निम्मं करतं, आणि निम्मं करायच्या कामात फार कमी वाया जातं. म्हणून पीपीएसवर फोन जास्त वॅट घेऊनही कमी तापतो. सॅमसंगचं २५ आणि ४५ वॅटचं सुपर फास्ट चार्जिंग पीपीएसवरच चालतं, गुगल पिक्सेलचे नवे फोनही पीपीएस वापरतात. आयफोनला मात्र त्याची गरज नाही, २०१७ च्या आयफोन ८ पासून पुढच्या फोनना साधा पीडी पुरतो, २० वॅटचा चांगला ॲडॉप्टर अर्ध्या तासात साधारण ५० टक्क्यांपर्यंत नेतो.

मग कंपन्यांच्या स्वतःच्या भाषा. ओप्पोने २०१४ मध्ये वूक आणलं, त्यात व्होल्टेज ५ च ठेवून करंट ४ ॲम्पियरच्या आसपास नेला होता, पुढे सुपरवूक आलं, त्याच्या २.० व्हर्जनमध्ये १० व्होल्ट ६.५ ॲम्पियर म्हणजे ६५ वॅट. वनप्लस आणि रियलमी त्याच घराण्यातले. शाओमी आणि विवोचं आपापलं वेगळं. या फोनच्या जाहिरातीतला ६७, ८०, १२० वॅटचा आकडा तुम्हाला हवा असेल तर त्याच कंपनीचा ॲडॉप्टर आणि त्याच कंपनीची केबल घ्या, दुसरा मार्ग शोधत बसू नका. पीडीचा चार्जर लावला तर हे फोन चार्ज होतात पण किती वेगाने ते मॉडेलवर आहे, काही चांगलं घेतात, काही १८ वॅटच्या आसपासच अडकतात. क्वालकॉमचं क्विक चार्ज म्हणून अजून एक आहे, जुन्या बऱ्याच फोनमध्ये सापडतं, २.० मध्ये ५, ९, १२ व्होल्ट, ३.० मध्ये ०.२ व्होल्टच्या पायऱ्या, आणि ४ पासून ते पीडीशी जुळवून घेतं. तुमचा फोन जुना असेल तरच याचा विचार करा.

तर पहिली स्टेप ही, की दुकानात जायच्या आधी फोनच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन उघडा आणि दोन गोष्टी कागदावर लिहा, जास्तीत जास्त किती वॅट आणि कुठल्या भाषेत. तिथे नुसतं "फास्ट चार्जिंग" लिहिलं असेल तर कंपनी त्या मॉडेलसाठी कुठला ॲडॉप्टर सुचवते ते बघा आणि त्याचं आउटपुट वाचा, उत्तर त्यात असतं.

दुसरी स्टेप, ॲडॉप्टर हातात घ्या आणि पाठ वाचा. अक्षरं इतकी बारीक आणि राखाडीवर राखाडी असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, मी फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून झूम करतो. इनपुटची ओळ १००-२४० व्होल्ट असते, ती सोडा. आउटपुट बघा. माझ्या त्या जुन्या २५ वॅटवाल्यावर असं होतं: ५ व्होल्ट ३ ॲम्पियर, ९ व्होल्ट २.७७ ॲम्पियर, आणि त्याखाली पीपीएस ३.३-५.९ व्होल्ट ३ ॲम्पियर, ३.३-११ व्होल्ट २.२५ ॲम्पियर. बहिणीच्या ६५ वॅटवाल्यावर ५, ९, १२, १५ व्होल्टला ३ ॲम्पियर, २० व्होल्टला ३.२५ ॲम्पियर, संपलं. "३.३ पासून अमुक पर्यंत" अशी रेंज कुठेच नाही, म्हणजे पीपीएस नाही. फोनने बिचाऱ्याने ९ व्होल्ट घेतले आणि फास्टवर समाधान मानलं. ती रेंजवाली ओळ ओळखायला शिका, अर्धं काम झालं. आणि रेंज दिसली तरी पुढचे ॲम्पियर बघा, कारण सॅमसंगच्या ४५ वॅटला १० व्होल्टच्या आसपास ४.५ ॲम्पियर लागतात, पीपीएसच्या ओळीत ३ च असतील तर ॲडॉप्टर एकूण ६५ वॅटचा असूनही त्या फोनला ४५ मिळणार नाहीत.

केबलकडे लोक अजिबात लक्ष देत नाहीत. पीडीची बोलणी टाइप-सीच्या एका वेगळ्या तारेवरून होतात, ती तार जुन्या चौकोनी यूएसबी-ए तोंडाच्या केबलमध्ये तशी नसतेच, त्यामुळे ए-टू-सी केबलने पीडी मिळत नाही, दोन्हीकडे टाइप-सीच हवं (आयफोन १४ आणि आधीच्यांना सी-टू-लाइटनिंग). साधी सी-टू-सी केबल ३ ॲम्पियरपर्यंत चालते, त्याच्या वर जायचं तर केबलच्या पिनमध्ये ई-मार्कर नावाची छोटी चिप लागते, ती नसेल तर ॲडॉप्टर ५ ॲम्पियर देतच नाही. अशा केबलवर ५ ॲम्पियर, १०० वॅट किंवा २४० वॅट लिहिलेलं असतं. २५ वॅटच्या फोनला हिची गरज नाही, ४५ वाल्याला आहे. आणि फार लांब, बारीक केबल टाळा, वाटेतच व्होल्टेज पडतं.

दोन-तीन पोर्टवाला घेत असाल तर मोठा आकडा एकाच पोर्टचा की सगळ्यांचा मिळून ते वाचा. ६५ वॅटवाल्यात दुसरी पिन लावली की बऱ्याचदा ४५ आणि २० अशी वाटणी होते, काही स्वस्त ड्युअल पोर्टवाल्यांमध्ये तर दोन्ही पोर्ट एकदम वापरले की दोघंही ५ व्होल्टवर येतात आणि फास्ट चार्जिंग बंद. पीपीएसही कधीकधी एकाच पोर्टला असतं. दुसरं डिव्हाइस लावल्यावर पहिल्याचं चार्जिंग क्षणभर तुटून परत सुरू होतं, घाबरू नका, नव्याने बोलणी चाललेली असतात.

किती वॅटचा घ्यावा? ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर, म्हणजे १९ वॅट सलग दिले तर तासाभरात भरेल एवढी. २५ वॅट सलग मिळाले तर पाऊण तासात भरायला हवी, पण तसं होत नाही, कारण लिथियम बॅटरी रिकामी असताना भराभर घेते आणि भरत आली की फोन स्वतःच वेग कमी करत जातो, शेवटचे २० टक्के तर रेंगाळतातच. म्हणून २५ वरून ४५ वर गेल्यावर वेळ जवळपास निम्मा होईल ही अपेक्षा ठेवू नका. जास्त वॅटचा फायदा दिसतो तो सकाळी निघायच्या आधीच्या वीस मिनिटांत, पूर्ण चार्जमध्ये फारसा नाही. रात्री लावून झोपणाऱ्याला जास्त वॅटचा काहीच उपयोग नाही.

आता सेफ्टी, आणि हे मी कळकळीने सांगतोय. ॲडॉप्टरच्या आत भिंतीतली वीज आणि तुमच्या फोनची बाजू यांच्यात अंतर आणि इन्सुलेशन ठेवलेलं असतं, नकली चार्जरमध्ये पैसे वाचवतात ते नेमके इथे. बाहेरून ते दिसत नाही. पूर्वी वजनावरून अंदाज यायचा, हलका म्हणजे नकली, पण आता गॅलियम नायट्राइडवाले म्हणजे गॅन चार्जर आलेत, त्यांचा आतला ट्रान्सफॉर्मर लहान असतो, ते चांगले असूनही छोटे आणि हलके निघतात, त्यामुळे वजनावर जाऊ नका. छपाई फिसकटलेली, स्पेलिंग चुकलेलं, मॉडेल नंबर नाही, व्होल्ट गुणिले ॲम्पियर केलं तर वॅट जुळत नाहीत, असं काही दिसलं तर ठेवून द्या. चौकोनात चौकोन हे चिन्ह दुहेरी इन्सुलेशनचं असतं, पण चिन्ह कुणीही छापू शकतो, म्हणून फोनच्या कंपनीचा किंवा नाव असलेल्या ॲक्सेसरी कंपनीचा, आणि बिल देणाऱ्याकडूनच घ्या. वापरताना ॲडॉप्टर कोमट होणं नॉर्मल आहे, हात ठेववत नाही इतका तापला, वास आला किंवा बारीक करकर आवाज आला तर बोर्डचं बटण बंद करा, मग काढा आणि परत वापरू नका. उशीखाली फोन ठेवून चार्जिंग अजिबात नको. जाड कव्हर, ऊन आणि चार्जिंग चालू असताना गेम यानेही फोन तापतो आणि तापला की तो स्वतःच चार्जिंग हळू करतो, मग दोष ॲडॉप्टरला जातो.

घरी आणल्यावर रिटर्नची मुदत आहे तोवर टेस्ट करा. बॅटरी २० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असताना करा, ९० टक्क्यांना लावून स्लो म्हणू नका. सेटिंग्जमध्ये फास्ट चार्जिंग चालू आहे का बघा, काही फोनमध्ये ते बंद करता येतं. पिन लावा, लॉक स्क्रीनवर काय येतं वाचा, स्क्रीन बंद करून दहा मिनिटं ठेवा आणि किती टक्के वाढले ते लिहा. अजून खात्री हवी असेल तर टाइप-सीचा छोटा मीटर मिळतो, केबलच्या मध्ये लावला की व्होल्ट आणि ॲम्पियर समोर दिसतात. बहिणीच्या फोनवर ६५ वॅटवाल्याने ९ व्होल्ट दीड-पावणेदोन ॲम्पियर दाखवलं, म्हणजे १५ वॅटच्या आसपास.

तिचा तो ॲडॉप्टर वाया नाही गेला, तिच्या लॅपटॉपला २० व्होल्ट लागतात आणि ते तो व्यवस्थित देतो, आता तो त्याच बॅगेत असतो. फोनसाठी तिने दुसरा घेतला, आणि या वेळी घ्यायच्या आधी मला ॲडॉप्टरच्या पाठीचा फोटो पाठवला, ३.३-११ व्होल्टच्या ओळीभोवती लाल गोल करून.