छोटं जेट परवडत नाही म्हणता? हिशोबातल्या या चुका टाळा

"अहो विमान तर फुल्ल होतं, मग रूट बंद का केला?" छोट्या गावाची विमानसेवा थांबली की हा प्रश्न येतोच. आणि इथेच पहिली चूक होते, आपण नुसत्या भरलेल्या सीटा मोजतो.

समजा ५० सीटच्या जेटची एक फेरी ३ लाखाला पडते आणि १८० सीटच्या एअरबसची साडेसहा लाखाला (आकडे माझे, फक्त समजण्यापुरते). म्हणजे छोट्यात एक सीट ६ हजारला आणि मोठ्यात ३,६०० ला, कारण पायलट दोन्हीकडे दोनच लागतात आणि छोटं इंजिन काही सीटांच्या हिशोबात कमी तेल पीत नाही. पण रूटवर माणसंच ४५ असतील तर मोठं विमान माणशी १४ हजारच्या वर जातं आणि छोटं पावणेसात हजाराच्या आत राहतं. म्हणजे माणसं थोडी पण पैसे मोजणारी, असा रूट असेल तरच छोट्या जेटचं गणित जमतं. स्वस्त तिकिटावर गर्दी जमवायचा धंदा यावर होत नाही.

आता हेच उडान स्कीममध्ये (छोटी गावं विमानाने जोडायची केंद्र सरकारची योजना) टाकून बघा. निम्म्या सीटांना सरकारने ठरवलेली भाड्याची मर्यादा, सुरुवातीला तासाभराच्या फ्लाइटला २,५०० रुपये. २५ सीटांचे साडेबासष्ट हजार आले, उरलेले २ लाख ३७ हजार राहिलेल्या २५ जणांकडून काढायचे म्हणजे माणशी साडेनऊ हजार, ते पण विमान फुल्ल असताना! हा खड्डा सरकारी अनुदान भरतं पण मूळ नियमात तीनच वर्षं, त्यामुळे ते कायमचं उत्पन्न धरून प्लॅन केला की चौथ्या वर्षी रूट गुंडाळावा लागतो.

सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र अमेरिकेतली आहे. तिकडे ५० सीटची जेट हजारोंनी नाही तरी शेकड्यांनी उडत होती आणि ती चालवणाऱ्या कंपन्या नफ्यात दिसायच्या, कारण मोठी एअरलाइन त्यांना फेरीमागे ठरलेले पैसे द्यायची, तेल आणि तिकीटविक्रीची डोकेदुखी मोठीची. अटलांटिक कोस्ट एअरलाइन्स अशीच युनायटेड या मोठ्या एअरलाइनसाठी उडायची. युनायटेडशी दरावरून फिसकटलं, मग २००४ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या डलेस एअरपोर्टवरून त्याच ५० सीटच्या सीआरजे-२०० जेटवर इंडिपेंडन्स एअर नावाने स्वतःची स्वस्त एअरलाइन काढली. स्वस्त तिकीट आणि सगळ्यात महाग सीट, वर तेल चढत गेलं, २००५ च्या ऑगस्टमध्ये क्रूड ७० डॉलरला टेकलं. ५ जानेवारी २००६ ला शेवटची फ्लाइट. म्हणून कुठल्याही छोट्या जेटचा नफा बघताना आधी विचारा, तेलाचं बिल कोण भरतंय?

जुनं विमान स्वस्तात मिळतंय म्हणून घेणं ही पण एक चूक. छोट्या अंतराच्या रूटवर दिवसात टेकऑफ-लँडिंग जास्त, आणि इंजिनचे कित्येक पार्ट तासांवर नाही तर फेऱ्यांवर बाद होतात. ओव्हरहॉलचं बिल आलं की विमान स्वस्त होतं हे विसरायला होतं.

सीटांचा आकडा पण उगाच वाढवू नका. ५० पर्यंत एक केबिन क्रू चालतो, ५१ वी सीट आली की दुसरा. आपल्याकडे ८० पेक्षा कमी सीटच्या विमानाला बऱ्याच एअरपोर्टवर लँडिंग चार्ज माफ असतो आणि ४० टनांच्या आतल्या विमानाला तेलावर टॅक्स कमी. घोडावत ग्रुपच्या स्टार एअरने २०१९ मध्ये ५० सीटच्या एम्ब्रेअर १४५ ने सुरुवात केली आणि नंतर ७६ सीटचं ई१७५ आणलं, तो ७६ चा आकडा बघा आणि काय ते समजा.

अंतर ३०० किलोमीटरच असेल तर जेट कशाला? एटीआर (पंख्याचं विमान) पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोचेल पण तेल बरंच कमी खाईल. हजार किलोमीटरला मात्र पाऊण तास वाचतो, तिथे जेट शोभतं.

आणि रूट तोट्यात असेल तर तिकीट कमी करायच्या आधी टाइमटेबल बघा. जास्त पैसे देणारा माणूस सकाळी जाऊन काम उरकून संध्याकाळी परत येणारा असतो, त्याला दुपारी दीडची फ्लाइट देऊन काय उपयोग. त्यात गावाला नाइट लँडिंग नसेल तर संध्याकाळची फेरी गेलीच, विमान अंधार पडला की उभं, आणि लीजचं मीटर मात्र रात्रभर चालू.