रॉड काढायला जाण्याआधी

मोडलेल्या हाडात रॉड बसवताना तयारी करायला वेळ कुठे होता? गाडी घसरली, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. काढायची तारीख मात्र आपल्या सोयीने घेता येते. म्हणून थोडं आधीपासून लागा.

पहिलं म्हणजे, काढायचाच आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मोठ्या माणसाला रॉड किंवा प्लेट त्रास देत नसेल तर ती आत राहू द्यावी, असंच बरेच सर्जन म्हणतात. माझ्या नडगीतल्या रॉडचं वरचं टोक गुडघ्याखाली टोचायचं. देवासमोर गुडघे टेकले की कळ यायची, म्हणून काढला. नुसतं ‘थंडीत ठणकतं’ या कारणासाठी जात असाल, तर ठणका थांबेलच अशी खात्री कुणी देत नाही. लहान मुलांचं वेगळं असतं, त्यांच्या हाडांतलं धातूचं सामान सहसा लवकर काढतात.

मग ताजा एक्स-रे, समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून. दोन्ही फोटोंत मिळून हाडाच्या चार बाजू दिसतात, त्यांपैकी निदान तीन बाजूंनी हाड जुळलेलं दिसायला हवं. नडगी-मांडीच्या रॉडला साधारण दीड ते दोन वर्षं जाऊ देतात. हाताच्या प्लेटला तर घाई नकोच, कारण लवकर काढली की तेच हाड पुन्हा मोडण्याची भीती असते.

आता खरं काम: जुनी फाइल शोधा. डिस्चार्ज कार्डावर बहुधा ‘रॉड टाकला’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यावर काही भागत नाही. ऑपरेशनची नोंद हवी आणि त्या कागदावर चिकटवलेलं सामानाचं स्टिकर हवं. त्यावर कंपनी, रॉडची लांबी-जाडी, स्क्रूचा आकार आणि धातू टायटॅनियम की स्टील, हे सगळं छापलेलं असतं. हे इतकं महत्त्वाचं का? तर कुठल्या स्क्रूच्या डोक्यात षटकोनी खाच असते, कुठल्यात चांदणीसारखी. षटकोनीतही अडीच मिलिमीटरची वेगळी, साडेतीनची वेगळी. पाना जुळला नाही की खाच झिजते आणि स्क्रू जागेवरच फिरत राहतो. रॉडच्या तोंडाशी आटे असतात, त्यात बसणारं ओढायचं हत्यारही त्या त्या कंपनीचंच लागतं. टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू, म्हणजे ज्यांचं डोकं प्लेटच्याच आट्यांत आवळलं जातं ते, तर प्लेटमध्ये असे घट्ट बसतात की कधी कधी डोकं कापून काढावं लागतं. सर्जनला आधी कळलं तर तो योग्य संच मागवून ठेवतो.

माझी फाइल विम्याच्या दाव्यासाठी भाऊजींकडे गेली होती. परत आली ती झेरॉक्स, आणि स्टिकरच्या जागी काळा चौकोन! अखेर जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात दोन खेपा घातल्या. तुम्ही आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कागद मिळालाच नाही तर जुने-नवे सगळे एक्स-रे घेऊन जा. अनुभवी डॉक्टर त्यावरून बरंच ओळखतात.

रक्त, साखर, ईसीजी या तपासण्या हॉस्पिटल सांगेल तशा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका, भूलतज्ज्ञांना विचारा. मधुमेहाच्या काही गोळ्या दोन-तीन दिवस आधी थांबवतात, म्हणून गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. पायावर फोड, गळू, चिखल्या असतील तर लपवू नका, ऑपरेशन पुढे ढकललेलं बरं. केस घरी वस्तऱ्याने काढू नका. मेंदी आणि नेलपॉलिश नको, ऑक्सिजन मोजायला बोटाला लावतात त्या यंत्राला ते आडवं येतं. जेवण आणि ऑपरेशन यांत निदान सहा तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी भूलतज्ज्ञ देतील तीच वेळ पाळा. आणि दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, हे आपल्याकडे सांगावंच लागतं.

संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा, एखादा स्क्रू तुटला तर काय? कधी कधी तुकडा आतच सोडतात, तो शोधायला हाड पोखरणं जास्त नुकसानीचं असतं. काढलेला रॉड घरी न्यायची हौस असेल तर तेही आधीच बोला.

तारीख पावसाळ्यात घेऊ नका. स्क्रू निघाले तरी हाडाला भोकं राहतात, ती भरेपर्यंत हाड त्या जागी कच्चं असतं. चालायला बहुधा लगेच देतात, पण धावणं, खेळणं, उड्या काही महिने बंद. निसरड्या फरशीवर पाय गेला तर सगळं पहिल्यापासून. मी डिसेंबर निवडला. टाके बारा-चौदा दिवसांनी निघतात, रजेचा हिशेब तसा धरा.

पिशवीत ढगळ हाफपँट किंवा लुंगी आणि एक नंबर मोठी चप्पल टाका. मी जीन्स घालून गेलो होतो. येताना घोट्याच्या पट्टीवरून ती चढेना, शेवटी वॉर्डबॉयने दिलेली चादर गुंडाळून रिक्षात बसलो.