स्वनातीत विमानाची चाचणी : या चुका टाळा

चाचणीच्या वेळी मी टेलिमेट्रीच्या, म्हणजे उडत्या विमानाकडून रेडिओवर येणाऱ्या आकड्यांच्या, स्क्रीनसमोर बसतो. नव्याने आलेला प्रत्येक जण आठवड्याभरात विचारतो, "मॅक ०.९ ला (मॅक १ म्हणजे ध्वनीचा वेग) सगळं छान होतं, मग पुढे वेग इतक्या बारीक पायऱ्यांनी कशाला वाढवायचा?"

कारण ०.९ चं विमान आणि ०.९५ चं विमान एक नसतं. १९४७ मध्ये एक्स-१ हे रॉकेट विमान उडवताना अमेरिकन चाचणी वैमानिक चक येगरने मॅक ०.९४ च्या आसपास स्टिक (विमान वळवायचा दांडा) ओढली, पण नाक हललंच नाही. शॉकवेव्ह (हवेच्या दाबाची धक्कालहर) एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या झडपेच्या, बिजागरीपाशी येऊन बसली होती. मग चमूतला इंजिनिअर जॅक रिडलेच्या सांगण्यावरून अख्खा स्टॅबिलायझरच (शेपटीचा आडवा पंख) थोडा थोडा हलवत ते पुढे गेले आणि १४ ऑक्टोबरला मॅक १.०६ गाठला.

आमच्याकडेही एकदा "इंधन आहे, दोन पॉइंट (वेगाचे ठरलेले टप्पे) गाळू" असं ठरत होतं. प्रत्येक पॉइंटला वैमानिक स्टिकला टिचकी मारतो आणि थरथर किती वेळात विरते ते आम्ही पाहतो; जितकी उशिरा विरेल तितका धोका जवळ. मी हटून बसलो, पॉइंट गाळू दिला नाही. तिसऱ्या टिचकीला शेपटीची थरथर विरायला आधीच्या दुप्पट वेळ लागला. विमान परत बोलावलं. त्या दिवशी कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

शॉकवेव्ह स्टॅटिक छिद्रांवरून (बाहेरच्या हवेचा दाब मोजणारी छिद्रं) सरकते तेव्हा मॅकमीटरचा, म्हणजे वेग मॅकमध्ये दाखवणाऱ्या मीटरचा, काटा उडी मारतो. त्या क्षणाचा आकडा वहीत लिहू नका.

वेग न उतरवता वळणं ही मात्र सगळ्यात महागडी चूक. २७ सप्टेंबर १९५६ ला अमेरिकन चाचणी वैमानिक मेल अ‍ॅप्ट एक्स-२ मध्ये मॅक ३ च्या पुढे गेला, असा तो पहिलाच माणूस. रॉकेट विमानातलं त्याचं हे पहिलंच उड्डाण. मॅक २.७ च्या वर स्टिक झटक्याने हलवू नकोस, असं बजावलेलं होतं. तरी वेग ३ च्या वर असतानाच त्याने वळण घेतलं. लांब जड धड आणि आखूड पंख असले की विमान एका अक्षावर फिरता फिरता दुसऱ्या अक्षांवरही उसळतं. एक्स-२ तसंच कोलमडलं आणि अ‍ॅप्ट वाचला नाही. तळापासून लांब चाललोय, मीटरचे आकडेही खऱ्या वेगाच्या मागे पडलेत, अशा वेळी वळायची घाई कोणालाही होईल. म्हणून 'कितीच्या खाली आल्यावर वळायचं' हा आकडा मी कार्डावर लाल पेन्सिलीने स्वतः लिहितो आणि निघण्याआधी वैमानिकाकडून मोठ्याने वदवून घेतो. टॅबलेटवर आहे ना, म्हणणाऱ्यांकडूनही.

आणि हो, पहिल्याच उड्डाणात चाकं आत घ्यायची हौस नको.