ट्रान्सप्लांट झालेल्या लेकराचा व्हायरस रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे सिकलसेल अन् थॅलेसेमियाची लेकरं खूप आहेत, आणि आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून गावी परतणारी लेकरंही दिसायला लागलीत. थॅलेसेमियासाठी कोल इंडियाच्या योजनेतून 10 लाखांपर्यंत मदत मिळते त्याचाही हातभार लागला. पण मोठ्या शहरातून घरी आलं की मोबाईलवर रिपोर्ट येतो, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा व्हायरस) डिटेक्टेड, म्हणजे सापडला, आणि घरात चूल पेटत नाही. दुसऱ्या घरी नेमकं उलटं, लेकरू चार दिवस जुलाबाने गळून गेलं तरी "रक्ताचा रिपोर्ट निल आहे न, मग काही नाही" म्हणून बसून राहतात. दोन्ही चुका एकाच गोष्टीतून होतात, व्हायरस सापडणं वेगळं आणि व्हायरसचा आजार होणं वेगळं, हे कोणी नीट बसून सांगितलेलंच नसतं.

पॉझिटिव्ह म्हणजे लेकरू गेलं, असं समजणं

रक्तात, लघवीत, संडासात किंवा घशात व्हायरस सापडला तर ते इन्फेक्शन. त्याच व्हायरसने फुफ्फुस, आतडी, लिव्हर, डोळा असा एखादा अवयव धरला, तिथली लक्षणं दिसायला लागली आणि त्या जागेवरून घेतलेल्या नमुन्यातही तो सापडला, तर तो आजार. म्हणून न्यूमोनियाची शंका असली की डॉक्टर दुर्बीण घालून फुफ्फुसातलं पाणी तपासतात, आतड्याची असली की तपासायला बारीकसा तुकडा काढतात, डोळ्याचं मात्र डोळ्याचे डॉक्टर पडदा बघूनच बरंच सांगू शकतात. सीएमव्ही आपल्याकडे बहुतेक सगळ्यांना लहानपणीच होऊन जातो आणि अंगात झोपून राहतो, ट्रान्सप्लांटनंतर रोगाशी लढायची ताकद कमी झाली की तो जागा होतो. त्यामुळे आजीने मुका घेतला म्हणून लागलं असं म्हणत तिला दोष देऊ नका, बिचारीचा काही संबंध नसतो बहुतेक वेळा. पहिले 100 दिवस दर आठवड्याला पीसीआर (व्हायरस शोधून मोजणारी तपासणी) करायला लावतात ते याचसाठी, की इन्फेक्शन आहे तेव्हाच पकडायचं अन् आजार होऊच द्यायचा नाही. वेळेवर आलेला पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे तपासणीने तिचं काम केलं.

निगेटिव्ह रिपोर्टवर डोळे मिटून विसंबणं

ही चूक मला जास्त भीतीची वाटते. आतड्यातला सीएमव्ही असा असतो की रक्ताचा पीसीआर निगेटिव्ह किंवा एकदम कमी येतो, आणि आत आतडं सोललेलं असतं. पोटात मुरडा, रक्ताचे जुलाब, जेवण बंद, असं असेल तर रिपोर्ट बाजूला ठेवा आणि ट्रान्सप्लांट सेंटरला फोन लावा. लेकराकडे बघा, कागद नंतर.

आकड्यांचा घोळ

पीसीआरमध्ये व्हायरस किती ते आकड्यात येतं, पण एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लावू नका. कोणी अख्ख्या रक्तावर तपासतं कोणी प्लाझ्मावर, कोणी कॉपीज लिहितं कोणी आययू (मोजायची मापंच वेगळी), मग 800 चे 1500 झाले म्हणून रात्रभर जागरण. तिपटीपेक्षा कमी फरक हा बऱ्याचदा तपासणीतलाच फरक असतो, 800 चे 8000 झाले तर मात्र ती वाढ खरी धरायची. शक्यतो एकच लॅब ठेवा. आणि एक, गॅनसायक्लोव्हिर (सीएमव्हीवरचं औषध) सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत आकडा वाढू शकतो, विशेषतः स्टेरॉइड चालू असेल तर, त्यावरून औषध फेल गेलं असं लगेच ठरवायचं नाही. या औषधाने पांढऱ्या पेशी पडतात म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) चुकवू नका. आकडा शून्य आला म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करू नका. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनचं पण तसंच, "व्हायरस आला तर ताकद कमी करणाऱ्या गोळ्या कशाला" असं वाटणं साहजिक आहे, पण कधी कमी करायच्या ते डॉक्टरच ठरवतील, अचानक बंद केल्या तर जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी लेकराच्याच अंगावर उलटतात तो आजार) उसळतो.

जवळच्या लॅबमध्ये आयजीएम, आयजीजी (अँटिबॉडीच्या तपासण्या) करून बघणं

पैसे वाया. लेकराला दुसऱ्यांचं रक्त चढलेलं असतं, इम्युनोग्लोब्युलिन (दुसऱ्यांच्या रक्तातल्या तयार अँटिबॉडी) दिलेलं असतं, त्यामुळे त्या अँटिबॉडी कोणाच्या तेच कळत नाही, आणि लेकराची स्वतःची ताकद अजून आलेली नसते. यात पीसीआरच लागतो.

सगळ्या व्हायरसला एकच माप लावणं

बीके व्हायरस लघवीत पुष्कळ लेकरांच्या सापडतो आणि काहीच करत नाही. लघवीत रक्त, जळजळ, रक्ताच्या गाठी पडून लघवी अडणं, हे असेल तर मग तो मूत्राशयाचा आजार. अॅडेनोव्हायरस मोठ्यांपेक्षा लेकरांना जास्त सतावतो आणि बऱ्याचदा संडासात आधी दिसतो, रक्तात नंतर, म्हणून तिथला आकडा चढत असेल तर डॉक्टर आधीच सावध होतात. ईबीव्ही (एपस्टीन-बार व्हायरस) मध्ये गळ्यात, काखेत गाठी वाढतायत का हे आईच्या हाताला सगळ्यात आधी कळतं, आंघोळ घालताना चाचपून बघत जा.

घरातल्या चुका

ताप 100.4 किंवा वर गेला की आधी पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, आधी सेंटरला फोन. तालुक्याच्या दवाखान्यात जावं लागलं तर ट्रान्सप्लांटची फाईल सोबत न्या, नुसतं ताप आहे सांगाल तर नेहमीसारखं सलाईन लावून परत पाठवतील. स्टेरॉइडवर असलेल्या लेकराला ताप न येताही इन्फेक्शन असू शकतं, दम लागणं, सुस्ती यावर नजर ठेवा.

शेजारी कोणाला माता आली, म्हणजे कांजण्या आल्या, आणि लेकरू त्या घरी खेळून आलं असेल तर कडुलिंबाचा पाला बांधून थांबू नका, कोणी काही बोलेल म्हणून लपवूही नका. त्याच दिवशी सेंटरला सांगा, कारण संरक्षणाचं इंजेक्शन जितकं लवकर, शक्यतो 96 तासांच्या आत, तितकं कामाचं. अंगावर फोड यायची वाट बघितली तर ती वेळ निघून जाते.

गोवर अन् कांजण्यांची लस ट्रान्सप्लांटनंतर निदान 24 महिने द्यायची नाही, नंतरही डॉक्टर म्हणतील तेव्हाच. पल्स पोलिओच्या दिवशी आशाताई दारात येतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की घरात ट्रान्सप्लांटचं लेकरू आहे. त्याला तर तोंडातले थेंब द्यायचेच नाहीत, पण धाकट्या भावंडालाही देण्याआधी सेंटरला विचारा, कारण थेंबातला व्हायरस त्याच्या संडासातून काही आठवडे बाहेर पडत राहतो. इंजेक्शनची पोलिओ लस असते, ती चालते.